नव्वद मिली

पिशवीतून मी पन्नास मिलीची सिरिंज काढली, तेव्हा शोरूममधला टायवाला दोन पावलं मागे सरला.

"मॅडम, हे कशाला?"

"मोजायला," मी म्हटलं. "तुम्ही म्हणता ही मोटारसायकल साठचं ॲव्हरेज देते. मी बघते किती देते."

त्याने पत्रक पुढे केलं. चकचकीत कागद, त्यावर लाल गाडी आणि गाडीवर एक तरुण, ज्याला आयुष्यात कुठेच वेळेवर पोचायचं नसावं. खाली साठ हा आकडा ठळक छापला होता. मी टायवाल्याला सांगितलं की औषधाच्या खोक्यावरही बरंच काही छापलेलं असतं, पण पेशंटला उतार पडला की नाही ते कुणी खोक्यावर बघत नाही. तीस वर्षं नर्सचं काम केलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. त्याने टाय जरा सैल केला.

माझी अट साधी होती. चाचणीसाठी ठेवलेली गाडी मला एक दिवस द्यायची. शोरूमच्या सपाट फरशीवर, मेन स्टँडवर उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरायची. मी माझी रोजची फेरी मारून येणार. मग त्याच फरशीवर, त्याच स्टँडवर टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायची, पण या वेळी मापाने. सलाईनच्या बाटलीवर खुणा असतात, तिने ओतायचं, आणि शेवटचं बारीक काम सिरिंजने. जेवढं आत जाईल तेवढं गाडीने खाल्लं. पेशंटच्या पोटात किती गेलं आणि किती बाहेर आलं हे आम्ही असंच मोजतो. त्यात फसवाफसवी चालत नाही.

"चाचणीसाठी आम्ही दोन किलोमीटर देतो, मॅडम."

"माझी फेरी बासष्ट किलोमीटरची आहे. निम्मे पैसे आत्ता भरते. ही नाही पटली तर दुसरी घेईन, पण तुमच्याकडून गाडी घेतल्याशिवाय जाणार नाही. चालेल?"

निम्मे पैसे म्हटल्यावर चाललं.

एवढा वेळ हे दाराजवळच्या खुर्चीत बसून होते. आता उठले, एका हाताने भिंत धरत आत आले आणि स्कूटरच्या रांगेपाशी थांबले. "ही घे," म्हणाले. "चेन नाही, क्लच नाही, गिअर नाही. वर्षाकाठी चेन आणि चक्रांचा खर्च वाचला. टायर लहान, म्हणजे स्वस्त. आणि बॅग पुढे पायाशी राहते. कुणी धरायची गरज नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी बाकीच्या खर्चासारखंच, त्याच आवाजात सांगितलं. मी सिरिंज पिशवीत ठेवली आणि बॅगेचा बंद उगाच आवळला.

हे निवृत्त होईपर्यंत छापखान्यात मशीनवर होते, कायम दुपारपाळीला. सकाळ रिकामी म्हणून त्यांनी मला फेरीला न्यायला सुरुवात केली, त्याला बावीस वर्षं झाली. आमच्या केंद्राचं काम असं, की जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, लघवीच्या नळ्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. रोजची आठ-नऊ घरं, शेवटची दोन तर खाणीपलीकडे. मी मागे, मांडीवर बॅग. बॅगेत उकळून कोरडी केलेली हत्यारं, ती हिंदकळता कामा नयेत, म्हणून ती अशी धरायची की खड्डा आला तर तो आपल्या मांडीला बसावा. घर आलं की गाडी थांबायची आणि हे म्हणायचे, "जा, मी आहे इथं." बावीस वर्षांत या वाक्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

बाहेर थांबून हे काय करायचे, याचा मी कधी फारसा विचार केला नाही. चेन साफ करायचे, प्लग पुसायचे, नटबोल्ट आवळायचे. आमची जुनी गाडी गॅरेजमध्ये फारशी गेलीच नाही. ती किती कमी खर्चात चालते, याचं मला भारी कौतुक होतं, चारचौघींत सांगायचे मी. गाडी स्वस्तात चालत नव्हती, तिच्यामागे एक माणूस फुकट राबत होता, हे मला नव्या गाडीच्या सर्व्हिसिंगचा तक्ता वाचताना समजलं. वाचताना मला लाज वाटली.

आठ महिन्यांपूर्वी ह्यांना डावीकडून येणारी हातगाडी दिसली नाही. कुणाला लागलं नाही, चार संत्री घरंगळली तेवढंच. मी मात्र त्याच आठवड्यात ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. रोज थेंब घालायचे, म्हणजे उरलेलं टिकेल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून आल्यावर ह्यांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. चावीचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी ती एप्रनच्या खिशात टाकली. मग ती गाडी ढकलत आम्ही दोघं घरी आलो.

त्यानंतर सहा महिने मी रिक्षा आणि पाय यांच्या जोरावर फेरी केली आणि केंद्राला रोज उशिराचा अहवाल दिला. शेवटी मेट्रनबाईंनी बोलावलं. त्या वाईट नाहीत, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. तीन महिन्यांनी येणाऱ्या एक तारखेपासून जिच्याकडे स्वतःची गाडी आहे आणि जी स्वतः चालवते तिलाच फेरी, बाकीच्यांनी केंद्रात बसून ड्रेसिंगची खोली सांभाळायची. पेट्रोलचा भत्ता ठरलेला, त्याच्या वर लागेल ते आपलं आपण बघायचं. वय विचारलं. एक्कावन्न, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, खोली सांभाळणं काही कमीपणाचं नाही. मीही म्हटलं, नाही, मुळीच नाही. आणि गाडी शिकायचं ठरवूनच तिथून बाहेर पडले.

शिकवलं ह्यांनीच. सिमेंटच्या गोदामामागे मोकळं मैदान आहे, तिथे मधोमध हे उभे राहायचे आणि मी जुन्या गाडीवर त्यांच्याभोवती फेऱ्या घ्यायचे. मी त्यांना दिसायचे तेव्हा दिसायचे, एरवी हे नुसतं ऐकायचे. "दुसरा टाक," म्हणायचे. "क्लच पूर्ण सोड, अर्धा धरून ठेवू नकोस, जळेल." इंजिनचा आवाज ऐकून त्यांना माझा पाय कुठे आहे ते कळायचं. तीन वेळा पडले, एकदा कुंपणाच्या तारेत. दोन महिन्यांनी लायसन्स मिळालं, आणि लगेच जुनी गाडी बसली. मिस्त्री म्हणाला, हिच्यात पैसे घालण्यापेक्षा नवी घ्या. भंगाराच्या भावात ती त्यालाच दिली. ह्यांनी तिचा आरसा तेवढा काढून घेतला. आता दाढीला वापरतात.

तर मला दोन गोष्टी हव्या होत्या. फेरी सोडायची नव्हती, आणि ह्यांना घरी सोडायचं नव्हतं. स्कूटरने पहिली झाली असती. दुसरीसाठी लांब सीट हवी, खाणीच्या खडीवर दोघांना तोलून धरणारी मोठी चाकं हवीत, आणि बॅग धरायला माणूस लागेल अशी गाडी हवी. मी हे ह्यांना नवी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हाच सांगून टाकलं होतं. "तुम्ही मागे बसायचं, बॅग धरायची," म्हटलं. जेवता जेवता हात थांबवून हे म्हणाले, "मी मागे बसणार नाही."

लेकीला फोनवर सांगितलं तर तिचंही तेच. "आई, स्कूटर घे. आणि बाबांना राहू दे ना घरी, तुझीही एक जबाबदारी कमी." तिचं काही चुकत नव्हतं. ती लांब असते, तिला ह्यांचं दिवसभर खिडकीत बसणं दिसत नाही. सकाळी आठला मी निघाले की हे दाराशी यायचे, सवयीने खिसा चाचपायचे आणि परत आत जायचे. ते मला बघवत नव्हतं.

टायवाल्याने टाकी भरली, झाकणाखालच्या पत्र्याच्या काठापर्यंत. मी आकडा लिहिला, बॅग मागच्या सीटवर दोन पट्ट्यांनी करकचून बांधली आणि एकटीच निघाले. हे रिक्षाने घरी गेले.

गाडी चांगली होती. आवाज कमी, किक नाही, नुसतं बटण. पहिलं घर सुताराचं. मधुमेहामुळे त्याच्या पायाची जखम दोन वर्षं भरत नव्हती आणि त्याची बडबड त्याहून जुनी. मी गाडी न्यूट्रलवर आणली, स्टँड लावला, बॅग सोडवली आणि आत गेले. पट्टी सोडली, जखम धुतली. बोटांचा रंग आज बरा वाटत होता, त्यावर दोघं बोललो. वीस मिनिटं तरी झाली असतील. मग त्याची सून पाण्याचं भांडं घेऊन आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, बाहेर गाडी चालू आहे. कुणी थांबलंय का?"

कुणी थांबलं नव्हतं. बावीस वर्षं मी गाडी थांबली की उतरून सरळ आत चालत गेले होते. ती बंद कोण करतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. बाहेर येऊन चावी फिरवली. सुतार आतून हसत होता आणि मी त्याला पाय हलवू नका म्हणून दटावलं.

दुसऱ्या घरी लक्षात ठेवलं. तिसऱ्या घरी म्हातारीला ताप होता, त्या गडबडीत पुन्हा विसरले. पाचव्या घरी चावी काढली ती एवढी जपून ठेवली, की निघताना सापडेना. खाणीच्या रस्त्यावर बॅग सीटवरून घसरली, ती थांबून दोनदा बांधली. शेवटच्या घरी डबा उघडला तर आत चिमटे आणि कात्री एकावर एक पडलेली, गुंडाळलेलं कापड सुटलेलं. ते सगळं परत उकळून घ्यावं लागलं. तास गेला.

दुपारी शोरूमला पोचले तेव्हा टायवाला जेवण टाकून आला. त्यालाही आता उत्सुकता लागली होती. बाटलीने ओतलं, मग सिरिंजने. पेट्रोलने सिरिंजचं रबर फुगलं आणि दट्ट्या अडकला, दुसरी घ्यावी लागली. एकूण एक हजार चारशे दहा मिली. त्याने मोबाइलवर भागाकार केला आणि मान हलवली. चव्वेचाळीस.

"रस्ता खराब असेल, मॅडम. तुमच्यासाठी स्कूटरच बरी."

"उद्या परत नेते," मी म्हटलं.

"परत?"

"आजचं माप चुकलं. चूक माझी आहे, गाडीची नाही."

घरी हे वाटच बघत होते. आकडा विचारला, मी सांगितला. ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चव्वेचाळीस शक्य नाही. पन्नास तरी हवं. क्लच धरून चालवलीस?" नाही म्हटलं. "हवा बघितलीस?" बघितली म्हटलं. हे एकेक कारण काढत गेले, मी नाही नाही म्हणत गेले, आणि शेवटी सांगून टाकलं की सुताराकडे वीस मिनिटं आणि म्हातारीकडे पंचवीस मिनिटं गाडी दारात चालू होती.

"का?"

"बंद करायची असते हे माझ्या लक्षातच आलं नाही. कधी केली आहे का मी?"

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. डॉक्टरकडून आल्यापासून आठ महिन्यांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं म्हणून आत जाऊन चहा ठेवला.

चहा पिताना वाटलं आता जमलं. म्हटलं, "बघा, चावी बंद करायला तरी चला."

हे गंभीर झाले. "आठ दिवसांत लागेल तुला सवय. त्यासाठी माणूस कशाला?" म्हणाले. "आणि बॅगेला पेटी मिळते बाजूला लावायची, स्पंज घालून. खोटं कारण नको काढूस, सिस्टर." हे मला लाडात असले की आणि रागात असले की सिस्टर म्हणतात. "मी मागे बसलो की गाडी जास्त पिणार. भत्ता वाढणार नाही. फुकटचं ओझं वागवायचं कशाला?"

"गरज आहे असं मी म्हणतच नाही," मी म्हटलं. "मला तुम्ही बरोबर हवे आहात."

हे उठले. कप उचलून मोरीत ठेवून आले. अशा बोलण्याची आम्हांला दोघांनाही सवय नाही. मला स्वतःलाच ते ऐकून अवघडल्यासारखं झालं होतं. पण एकदा बोलून झाल्यावर मी मागे हटणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी एकटीने पुन्हा फेरी मारली. नऊ घरं, नऊ वेळा चावी बंद. चावीला पट्टीचा तुकडा बांधून मनगटात अडकवली होती. एक हजार दोनशे चाळीस मिली. बरोबर पन्नास. ह्यांचा अंदाज एका थेंबानेही चुकला नव्हता. टायवाल्याने आता पुढचे कागद काढले, तर मी म्हटलं, "अजून एक दिवस." त्याने टाय काढून खिशात ठेवला.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "उद्या तुम्ही मागे बसायचं."

"मी सांगितलंय ना."

"कायमचं नाही. मापापुरतं. तुम्ही म्हणता तुमचं ओझं परवडणार नाही. मला आकडा हवाय. आकडा न काढता नाही म्हणायचं, हे तुम्हांला तरी पटतं का?"

हे छापखान्यात शाईसुद्धा वजन करून घालायचे. आकड्याला नाही म्हणणं त्यांच्याने झालं नाही. "मापापुरतं," म्हणाले.

सकाळी शोरूमच्या दारात मी गाडीवर बसले, हे मागे बसले, मांडीवर बॅग घेतली. मी गिअर टाकणार तर ह्यांचे दोन्ही पाय लोंबकळतायत. मागे पाय ठेवायचे दांडे दुमडलेले असतात, ते बसणाऱ्याने पायाने उघडायचे असतात. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी उतरले, वाकून दोन्ही बाजूंचे उघडून दिले आणि परत बसले. ह्यांनी त्यांवर पाय ठेवले.

पहिले दोन-तीन किलोमीटर ह्यांचं अंग लाकडासारखं ताठ होतं. वळणावर मी उजवीकडे झुकले की हे डावीकडे. मग हळूहळू सैल झाले. "तिसरा टाक," मागून आवाज आला. "चढ संपला." खाणीच्या रस्त्याला मी नेहमीच्या कडेने जाणार तर म्हणाले, "मधून घे, तिथे खडी दबलेली आहे." डोळ्यांना कडेचं दिसत नसलं तरी रस्ता ह्यांना पाठ होता. शेवटच्या घरी डबा उघडला तेव्हा चिमटे, कात्री, वाट्या, सगळं घडीसकट जागच्या जागी होतं.

सुताराने विचारलंच, "आज चालक बदलला का?" हे दारातून म्हणाले, "चालक आत आहे, मी सामान सांभाळतो." माझ्या हातात बोळा होता, तो क्षणभर तसाच राहिला. हे वाक्य ह्यांना सोपं गेलं नसणार, मला ठाऊक आहे.

दुपारी मापाला शोरूममधली दोन-तीन माणसं गोळा झाली. टायवाल्याने स्वतः ओतलं. एक हजार तीनशेवर बाटली थांबली, मग सिरिंजने तीस. तेराशे तीस. त्याने मोबाइल काढायच्या आत हे म्हणाले, "नव्वद जास्त."

"नव्वद मिली," मी म्हटलं. "एवढंच."

"रोजचे नव्वद. महिन्याला सव्वीस फेऱ्या." हे फरशीकडे बघत बोलत होते. "वर्षाला अठ्ठावीस लिटर. मागचा टायर लवकर झिजेल, चेन लवकर सैल पडेल. ते वेगळं." मग जरा थांबून म्हणाले, "महाग पडतो मी."

माझं उत्तर तयार होतं, रात्रीच ठरवलेलं. कॉलनीत संध्याकाळी दोन खासगी इंजेक्शनं वाढवली की अठ्ठावीस लिटर निघतात, टायरसकट. पण मी भलतंच बोलले. मला राग आला होता, ह्यांचा नाही, त्या अठ्ठावीस लिटरचा.

"बावीस वर्षं तुम्ही मला मागे बसवून नेलंत," मी म्हटलं. "माझ्या वजनाचं पेट्रोल कुणी मोजलं होतं?"

"मी मोजलं होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पहिल्याच वर्षी," हे म्हणाले. "तुला ताप आला होता, तू तीन दिवस झोपून होतीस. मी एकटाच सगळी फेरी मारून आलो. प्रत्येक दारात तेवढाच वेळ थांबून. मग तू बरी झाल्यावर परत मोजलं."

तो ताप मला आठवला. हे सकाळी कुठे गेले होते, मी विचारलं होतं, आणि जरा काम होतं असं हे म्हणाले होते. रिकामी सीट घेऊन एक माणूस नऊ घरांच्या दारांत थांबून आला, कुणी आत न जाता, हे आज मला कळत होतं.

"किती निघालं?" मी विचारलं.

"सत्तर. तेव्हा तू बारीक होतीस."

टायवाला हसला आणि लगेच सिरिंज पुसायला लागला.

"मग?"

"मग काय?" हे म्हणाले. "परवडत होतं."

मी टायवाल्याकडे वळून कागद मागितले. जिथे जिथे त्याने बोट ठेवलं तिथे तिथे सह्या केल्या. बाजूच्या पेटीवर सवलत आहे, लावून देऊ का, असं त्याने विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाडीच्या मागच्या चाकापाशी वाकून चेनचा ताण बोटाने तपासत होते.

"नको पेटी," चेनवरची नजर न काढता हे म्हणाले. "उगाच वजन."

एक तारखेला सकाळी आठला निघालो. नवी कोरी गाडी, दाराशी शेजारची दोन माणसं बघायला उभी. ह्यांनी मागचे दांडे स्वतःच पायाने उघडले, बसले, बॅग मांडीवर घेतली आणि एका हाताने ती पोटाशी धरली. मेट्रनबाईंच्या खिडकीखालून आम्ही गेलो तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बघितलं. मी हॉर्न वाजवला नाही. खरं तर फार वाजवावासा वाटत होता.

सुताराच्या घरासमोर गाडी थांबवली, न्यूट्रल केली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. एव्हाना चावी बंद करायची मला पक्की सवय लागली होती, हात जाणारच होता. मी तो हँडलवरच ठेवला. इंजिन चालू होतं. मागे ह्यांनी बॅग सावरल्याचा आवाज आला. मग माझ्या उजव्या बाजूने ह्यांचा हात पुढे आला. टाकीवरून चाचपत वर सरकला, हँडलच्या मध्याशी जरा चुकला, परत मागे आला, आणि त्याला चावी सापडली.

गाडी बंद झाली. हे उतरले, बॅग दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि टाकीवर तळवा ठेवून उभे राहिले.

"जा," म्हणाले. "मी आहे इथं."

मी बॅग घेतली आणि आत गेले.